दाराकडे झुकणारी झाडं

जना भोईरला ड्रेसिना ओळखता येतात हे खालापूरपासून कर्जतपर्यंतच्या नर्सरीवाल्यांना ठाऊक आहे, आणि त्यातल्या निम्म्यांना ते मुळीच आवडत नाही. कारण साधं आहे. लाल-जांभळ्या पानांचं 'महात्मा' नावाचं एक झाड आपल्याकडे ड्रेसिना म्हणून सर्रास खपवलं जातं. जना ते कुंडीतून हलकेच उपसते, मुळावर नख ओढते आणि गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरते. मूळ पिवळं-नारिंगी निघालं तर खरा ड्रेसिना. पांढरं निघालं तर तो ड्रेसिनाचा चुलत भाऊ. त्याला भरपूर उजेड लागतो, घराच्या कोपऱ्यात ठेवला की दोन महिन्यांत मान टाकतो.

या नखापायीच तिची नोकरी गेली. चौदा वर्षं ती हायवेलगतच्या एका नर्सरीत ड्रेसिनाच्या दांड्या कापत होती. हातभर दांडी कापायची, वरच्या टोकाला मेण लावायचं आणि खालचं टोक मातीत रोवायचं. मेण अशासाठी की वर कुठलं, खाली कुठलं ते कळावं. उलटी रोवलेली दांडी मूळ धरत नाही. एकदा मालकाने एका रिसॉर्टला आतल्या दालनांसाठी दोनशे महात्मा 'ड्रेसिना' म्हणून विकले आणि जनाला फक्त कुंड्या गाडीत चढवायला सांगितल्या. तिने त्या चढवल्या, आणि जाता जाता रिसॉर्टच्या माणसाला म्हणाली, "सायेब, ही आतमंदी ठेवू नका, मरतील." दुसऱ्या दिवसापासून तिला कामावर बोलावणं आलं नाही.

तिचा नवरा प्रवीण टेंपो चालवतो. तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तुजं त्वांड काय बंद व्हायचं नाय. मग दुसऱ्याकडं कशाला, आपलीच झाडं घाल माझ्या गाडीत."

आता त्यांच्या घराशेजारी हिरव्या जाळीखाली शंभरावर कुंड्या आहेत. त्या विकायच्या नाहीत, भाड्याने द्यायच्या. मक्यासारखी रुंद पानं आणि मधोमध पिवळा पट्टा, तो मसांजिना. बारीक पानांच्या काठाला लाल रेघ, तो मार्जिनाटा. पिवळ्या काठाचा, वेडावाकडा वाढणारा साँग ऑफ इंडिया. आणि गच्च काळपट हिरवा कॉम्पॅक्टा, जो वर्षाला बोटभर वाढला तरी उपकार केल्यासारखा वागतो. नेरळच्या नव्या इमारतींचे सॅम्पल फ्लॅट, खोपोलीची दोन-चार ऑफिसं, कर्जतच्या डॉक्टरांच्या बसायच्या खोल्या, सगळीकडे जनाची झाडं उभी असतात. दर पंधरा दिवसांनी ती जुनी झाडं परत आणते आणि नवी ठेवते. परत आलेली जाळीखाली आराम करतात. जना त्याला माहेरपण म्हणते.

तिची एक पद्धत आहे. प्रत्येक कुंडीच्या काठावर ऑइल पेंटचा पांढरा ठिपका. झाड ठेवताना ठिपका खिडकीकडे करायचा. पंधरा दिवसांनी शेंडा ठिपक्याच्या कोणत्या बाजूला कलला ते बघायचं. झाड उजेडाकडे जातं, त्यात गैर काही नाही. पण त्यावरून जनाला कुठल्या घरात पडदे उघडतात आणि कुठल्या घरात दुपारपर्यंत लोळत पडतात ते बसल्या जागी कळतं. लोकांना वाटतं जनाबाईंना अंतर्ज्ञान आहे. अंतर्ज्ञान कसलं, चहाडखोर झाडं आहेत तिची.

दिवाळी संपता संपता पुण्याहून अनुपम प्रधान म्हणून एकाचा फोन आला. त्याची आई कर्जतला, नदीपलीकडच्या बंगल्यात एकटी राहते. घरात काही हिरवं असलं तर बरं. पण पाणी घालायचं ती विसरते, तेव्हा झाडं बदलणारं कुणी हवं. आई म्हणजे सुचेता प्रधान, गणिताच्या प्रधानबाई. प्रवीणचा चुलत भाऊ त्यांच्या हाताखाली दोनदा नापास झालेला, त्यामुळे भोइरांच्या घरात त्यांचं नाव आदराने घेतलं जाई.

बंगला साधा सिमेंटचा, स्वच्छ. बाई सडपातळ, साठी ओलांडलेल्या, हळू बोलणाऱ्या. दोन कुंड्या खाली दिवाणखान्यात ठेवल्या, दोन वर माडीवर. माडीवर एक लांबट बोळ होता. पूर्वेच्या टोकाला मोठी खिडकी, पश्चिमेच्या टोकाला एक बंद दार, दाराला कुलूप. दाराच्या वर दुधी काचेची झडप. दाराशेजारी भिंतीला लागून एक पाट मांडलेला. जनाने दोन मसांजिना बोळाच्या मध्यावर ठेवले, ठिपके खिडकीकडे केले आणि खाली आली.

पंधरा दिवसांनी ती परत गेली. खालची झाडं ठिपक्याकडे कललेली होती, जशी कलायला हवीत तशी. वरची दोन्ही उलटी. शेंडे खिडकीकडे पाठ करून बंद दाराकडे झुकलेले.

"बाई, कुंड्या कुनी फिरवल्या का वं?"

"नाही," बाई जिन्यातून म्हणाल्या. "वर माझ्याशिवाय कुणी येत नाही."

ठिपके तर खिडकीकडेच होते. जनाने मनाशी म्हटलं, झाडं अशीच आणली असतील मी, घाईत बघितलं नसेल. या खेपेला तिने मार्जिनाटा ठेवले, उजेडासाठी हपापलेले, आणि जायच्या आधी शेंडे दोनदा तपासले. सरळसोट होते.

पुढच्या खेपेला तेही दाराकडे वळलेले निघाले.

जना खाली बसली आणि पानं निरखू लागली. पलीकडे नव्या इमारतींची कामं चालू होती, बोळात सगळीकडे पांढरी धूळ बसत होती. झाडांच्या खिडकीकडच्या पानांवर ती बोटाने नाव लिहिता येईल एवढी होती. दाराकडच्या पानांवर मात्र कणभरही नव्हती. ती पानं लख्ख होती. मऊ फडक्याने, देठापासून टोकापर्यंत, पुसावीत तशी. स्टेशनातून घाट चढणाऱ्या गाडीला मागचं इंजिन लावत असल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. भर दुपारचे बारा वाजलेले, खिडकीतून भरपूर उजेड येत होता, आणि जनाला त्या बोळात पाठ कुणाकडे करावी ते कळेना. खिडकीकडे केली तर दार समोर येत होतं. दाराकडे केली तर ते मागे राहत होतं.

उठताना तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. कुंडीच्या मागे, शेंड्याच्या उंचीवर, पेन्सिलीने बारीक रेघा मारल्या होत्या. प्रत्येक रेघेपाशी तारीख. सुबक, शाळेतल्या फळ्यावरचे आकडे. झाड रोज किती झुकतं ते कुणीतरी मोजत होतं.

घरी आल्यावर तिने प्रवीणला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "जने, त्या घरात परत जाऊ नको."

"आन् झाडं?"

"झाडं गेली तर गेली. चार कुंड्यांसाठी जीव टांगनीला कशाला लावायचा?"

जना घाबरली होती, हे खोटं नाही. पण ती हट्टी त्याहून जास्त होती. पुढच्या खेपेला तिने कॉम्पॅक्टा नेले. तो तर ढिम्म गडी, खिडकीत ठेवला तरी महिनाभर हलायचा नाही. पंधरा दिवसांनी त्याचंही एकेक पान दाराच्या दिशेने मुरडलेलं होतं. आणि मग, टेंपोत बसल्या बसल्या, जनाला उत्तर सुचलं. ती एकटीच हसली. झाड कशाकडे जातं? उजेडाकडे. मग आत उजेड असणार. त्या बंद खोलीत दिवा जळत असणार, वरच्या दुधी काचेतून तो बोळात येत असणार, आणि खिडकीच्या लखलखाटात आपल्याला तो दिसत नसणार. खिडकीपेक्षा दिवा झाडांना का आवडावा, हा प्रश्न तिला पडला होता, पण तिने तो बाजूला सारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तशी आपली गत झाली, असंच तिने ठरवून टाकलं.

पुढच्या वेळी तिने सरळ विचारलं. "बाई, त्या खोलीत दिवा असतो का?"

बाई पाटावर बसल्या होत्या, पाठ भिंतीला टेकून. त्या दचकल्या नाहीत. जणू आज ना उद्या कुणी विचारणार याची वाटच बघत होत्या.

"असतो," त्या म्हणाल्या. "आठ वर्षं झाली."

ती खोली तेजश्रीची. बाईंची मुलगी, एकोणीस वर्षांची. परीक्षेसाठी पहाटे उठायची. एका पहाटे ताप डोक्यात चढला, तिला तशीच उचलून हॉस्पिटलात नेली, आणि ती परत आली नाही. घाईत खोलीतला दिवा चालूच राहिला होता. चौदाव्या दिवशी बाई माडीवर आल्या, आत पाऊल टाकायचं धैर्य झालं नाही, त्यांनी नुसतं दार ओढून कुलूप लावलं.

"दिवा बंद करायला कुणाला सांगवेना मला. तिने लावलेला होता ना."

"पन एवढी वर्सं..."

"बल्ब इतकी वर्षं टिकतो का, असं कुणी विचारू नये म्हणूनच मी कुणाला बोलले नाही. दिवेलागणीनंतर मी माडीवर येत नाही, जना. काचेत उजेड दिसला तर एक भीती, नाही दिसला तर दुसरी. दुपारी येते. इथे बसते, तिच्याशी चार शब्द बोलते." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "अनुपम पुण्याला चल म्हणून माझ्या मागे लागलाय. मीही मनाची तयारी करत आणली होती. आणि मग तुझी झाडं आली."

जनाला सगळं कळलं. भिंतीवरच्या रेघा कशाच्या, तेही.

"मी गणित शिकवलंय. पुराव्याशिवाय मानत नाही," बाई म्हणाल्या. "तुझ्याइतकं झाडांतलं कुणाला कळत नाही असं सगळे सांगतात. तूच सांग. ती दिव्याकडे वळतात, की तिच्याकडे? दिव्याकडे असतील तर मी उद्या अनुपमला हो म्हणते. पण ती जर इथे असेल, तर तिला एकटीला टाकून मी कुठेही जाणार नाही. इथेच मरेन."

जनाच्या गावात माणूस गेलं की जमिनीवर पीठ पसरून त्यावर दिवा ठेवतात, वर टोपली झाकतात, आणि पिठावर काही उमटलंय का ते बघतात. पण दिवस झाले की दिवा उचलायचा. फार ठेवू नये. जाणाऱ्याला वाटतं, अजून आपली वाट बघतायत, आणि त्याचा पाय निघत नाही. इथे तर आठ वर्षं.

"दिव्याकडंच वळतात, बाई," ती ठामपणे म्हणाली, कारण तिला तेव्हा तसंच वाटत होतं. "चावी द्या. मी आत जाऊन बटन बंद करते. पंदरा दिसांनी झाडं खिडकीकडं वळलेली दिसतील. तुमीच मोजा."

बाईंनी कमरेची चावी काढून दिली आणि स्वतः जिन्याच्या तोंडाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

कुलूप गंजलेलं, पण चावी फिरली. जनाने दार ढकललं आणि आत अंधार होता.

खिडक्यांची दारं घट्ट मिटलेली. बोळातला उजेड उंबरठ्यापासून थोडासा आत गेला, त्यात पलंग दिसला, टेबल, वह्यांची चळत. छताला जुन्या पद्धतीचा बल्ब लोंबत होता. त्याची काच आतून काळी पडली होती, आणि कोळ्याचं जाळं त्याच्यापासून भिंतीपर्यंत एवढं जाड झालं होतं की ते एका-दोन वर्षांचं नव्हे. जनाने भिंतीवरचं बटण चाचपलं. ते चालूच होतं. तिने ते बंद केलं, परत चालू केलं, परत बंद केलं. काही झालं नाही. हा दिवा कधीच विझून गेला होता.

मग झाडं कुणाकडे वळत होती?

आणि आठ वर्षं कोंडलेल्या खोलीला कुबट वास यायला हवा होता. इथे वास होता तो नुकतंच पाणी घातलेल्या कुंडीचा.

जमिनीवर धूळ साचली होती, पिठासारखी मऊ आणि सगळीकडे सारखी. जनाची नजर आपोआप तिच्यावरून फिरली, लहानपणी टोपली उचलल्यावर फिरायची तशी. पाऊल नव्हतं, पंजा नव्हता, काहीच उमटलेलं नव्हतं. फक्त दाराशेजारी, भिंतीला लागून, एका माणसाच्या बसण्याएवढी जागा धुळीशिवाय होती. फरशी तिथे चकचकीत होती. दार तिथवर फिरत नव्हतं. जनाने भिंतीकडे बघितलं आणि तिला उमगलं. याच भिंतीच्या पलीकडे बाईंचा पाट होता. बाई तिकडून पाठ टेकून बसत, आणि इकडून कुणीतरी.

पळून जावं असं तिला वाटलं. पाय वळलेही. पण मग भीतीच्या खालून दुसरंच काही वर आलं, आणि ती दया होती. एकोणीस वर्षांची पोर. आठ वर्षं आई रोज दुपारी येऊन बोलते, मग ही उठून जाणार कशी? आणि ही जात नाही, म्हणून आई जात नाही. दोघी एका भिंतीला दोन बाजूंनी टेकून बसलेल्या.

जना त्या मोकळ्या जागेसमोर उकिडवी बसली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती कुजबुजलीच.

"तेजू, मी जना, झाडंवाली. तू पानं पुसतेस ना? लई सुरेख पुसतेस गं. पन आता आयकून घे माजं. तुजी आई म्हातारी झाली. हितं एकटी हाय, पडली-झडली तर बघायला कुनी नाय. भाऊ तिला न्यायला तयार हाय. तू हितं हायस असं तिला वाटतंय, तवर ती उंबरा सोडायची नाय. तू सोड, पोरी. तू सोडलंस की ती सोडंल."

काही हललं नाही. कुणी बोललं नाही. ओल्या मातीचा वास मात्र एकदम दाटला, जनाच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मग विरळ होत गेला. ती उठली, बाहेर आली, कुलूप लावलं. चावी दोनदा हुकली.

"केलास बंद?" बाईंनी वळून न बघता विचारलं.

"आता आत दिवा नाय, बाई," जना म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं.

त्या दिवशी तिने माडीवर दोन साँग ऑफ इंडिया ठेवले. ठिपके खिडकीकडे. प्रवीणला तिने यातलं अवाक्षर सांगितलं नाही. ताकास तूर लागू दिली नाही म्हणतात तसं. तो दोनदा म्हणाला, "काय झालंय तुला, गप-गप हायस." ती म्हणाली, दाढ दुखते. पंधरा दिवस तिने झाडांना पाणी घातलं, दांड्या कापल्या, नेरळच्या फ्लॅटवाल्यांशी भांडली, पण तिचं मन त्या बोळातून निघेना. आपलं बोलणं त्या पोरीने ऐकलं नसेल तर पेन्सिलीच्या रेघा दाराकडेच जातील, आणि प्रधानबाई त्या पाटावरून उठणार नाहीत. आणि ऐकलं असेल तर? तर त्या पोरीला घराबाहेर काढणारी आपण. कुणाच्या लेकीला तिच्याच घरातून जा म्हणणारी आपण कोण? हे तिला फार लागलं.

सोळाव्या दिवशी ती गेली तेव्हा बंगल्याचं दार उघडंच होतं. बाई जिन्यातच उभ्या होत्या, हातात पट्टी आणि पेन्सिल. "वर ये," म्हणाल्या.

दोन्ही झाडांचे शेंडे खिडकीकडे कलले होते. ठिपक्याच्या बरोबर वर. जगातल्या कुठल्याही शहाण्या झाडाने कलावं तसे.

"सातव्या दिवसापासून," बाई म्हणाल्या. "मी दोनदा मोजलं." त्या पाटावर बसायला गेल्या आणि मध्येच थांबल्या, पाट उचलून भिंतीला उभा केला. मग त्या हसल्या. हसता हसता त्यांचा आवाज फुटला. "दिवाच होता, जना. आठ वर्षं मी इथे बसून एका दिव्याशी बोलत होते. तिच्या वाढदिवसाला गोडाचं करून इथे आणून ठेवत होते. पंच्याऐंशी टक्क्यांच्या खाली मुलांना हुशार म्हणत नव्हते मी, आणि मी एवढी मूर्ख."

जनाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाई कुणी हात ठेवून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण त्या तशाच राहिल्या.

"अनुपम रविवारी गाडी घेऊन येतोय. मी काल रात्री दिवेलागणीनंतर वर आले. पहिल्यांदा. काच काळी होती. मला वाटलं होतं भीती वाटेल. काहीच वाटलं नाही. घर नुसतं रिकामं होतं." त्यांनी डोळे पुसले आणि जनाकडे बघितलं, वर्गात उत्तर विचारताना बघत असतील तसं, थेट. "म्हणजे ती इथे नव्हतीच. एकदाही नव्हती. मी बोलत होते ते कुणीच ऐकत नव्हतं. बरोबर ना?"

एक वाक्य बोललं असतं तर या बाईला तिची आठ वर्षं परत मिळाली असती. रोजच्या दुपारी, रोजचं बोलणं, भिंतीपलीकडची पाठ, सगळं. आणि मग रविवारी येणारी गाडी रिकामी परत गेली असती.

"नव्हती, बाई," जना म्हणाली. "कुनीच नव्हतं."

बाईंनी मान हलवली. मग त्या कठड्याला धरून हळूहळू खाली उतरल्या आणि कोणत्या साड्या न्याव्यात ते जनालाच विचारू लागल्या.